बाहेरची कडी

नवं घर झकास होतं, कोण नाही म्हणतंय? गळकं छप्पर गेलं, पाण्यावरून होणारी भांडणं गेली, आठव्या मजल्यावर खिडकीतून वारा यायचा. सुताराच्या बायकोला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. पण त्यांच्या लेकीचं, ठकीचं, सगळं जगणं त्या पाडलेल्या बैठ्या घरांबरोबर ढिगाऱ्यात गेलं, आणि त्याचा कुणी विचारच केला नव्हता. बापानेसुद्धा नाही.

ठकी चौदाची, समज चार-पाच वर्षांच्या पोरीएवढी. जुन्या गल्लीत ती एकटी हिंडायची. दुकानदार न विचारता तिच्या हातात दूध द्यायचा, इस्त्रीवाली मावशी तिला रुमालांच्या घड्या घालायला बसवायची. वाट चुकलीच तर कुणीतरी "चल गं बाई, घर इकडे" म्हणत बखोट धरून आणून सोडायचं. तिथे ती चार लोकांत वावरणारी, कामाची पोरगी होती.

इथे सगळे मजले सारखे, सगळी दारं तपकिरी. सुताराने डोकं लढवलं आणि आपलं दार पिवळंधमक रंगवलं. ठकी त्यावर बोट ठेवून म्हणाली, "आपलं." थोडे दिवस गाडी रुळावर चालली. मग इमारतीचे सेक्रेटरी आले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला चिकटलेला.

"दादा, तुम्हाला चालू दिलं की उद्या जो तो आपापले रंग फासेल."

"साहेब, पोरीला घर ओळखू येत नाही हो."

"मग तिला एकटीला सोडता कशाला?"

सुताराने रंग खरवडून काढला.

त्याच आठवड्यात ठकी सहाव्या मजल्यावर भलत्याच घरात शिरली आणि तिथलं तान्हं बाळ उचलून बसली. लाडानेच घेतलं होतं, पण बाळाच्या आईची बोबडी वळली. इमारतभर बोभाटा झाला. पुन्हा असं झालं तर पोलिसांत जाऊ, असं लोक बजावून गेले.

बायको शिलाईच्या कारखान्यात, हा रोज कुणाच्या तरी घरी कामावर. पोरीपाशी थांबणार कोण? अशा मुलांची शाळा होती एक, पण तिथे जागा नव्हती. "बाहेरून कडी बसवा," बायको म्हणाली आणि तोंड फिरवून रडली.

सकाळी तो हत्यारं घेऊन दारात बसला. जन्मभर लोकांची दारं बसवली, आज स्वतःच्याच दाराला बाहेरून भोकं पाडत होता. ठकी शेजारी फतकल मारून बसली. वाटीतला एकेक स्क्रू ती त्याच्या तळहातावर ठेवत होती. एकही सांडला नाही.

"छान करते ना मी?"

"फार छान करतेस, बाळा."

काम संपलं. त्याने तिला आत नेऊन बसवलं, दार ओढलं आणि कडी घातली. जरा वेळाने आतून दारावर थाप पडली.

"बाबा, अजून स्क्रू दे," ठकी म्हणत होती. लिफ्टपाशी पोचेपर्यंत त्याला ते ऐकू येत होतं.