सापडलेलंच तांबं

खाणीमागच्या माळावर सगळी वसाहत लोटली होती. मधोमध लोलकमहाराज, हातात दोरीला टांगलेला पितळी लोलक. "गप्प बसा! भूमाता बोलतेय, तिला संकोच वाटतो!" लोलक गरगरला, महाराजांनी टाच आपटली आणि भलीभली माणसं टाळ्या पिटू लागली. आजवर त्यांनी दाखवलेल्या अकरापैकी अकरा बोअरांत तांबं लागलं होतं. खाणीतल्या नकाशावालीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

जुनं तांबं संपत आलं होतं. उरलेल्या पैशांत आता सहाच बोअर मारता येणार होते. त्यांत नवा साठा लागला नाही तर खाणीला टाळं. तिने आकडेमोड करून सहा जागा काढल्या होत्या, आणि मॅनेजर ते सहाही बोअर या भोंदूच्या पदरात टाकायला निघाले होते. ड्रिलवर मिस्त्री असलेला तिचा धाकटा भाऊही त्याच्याच भजनी लागलेला.

"ताई, अकरापैकी अकरा! तुझं गणित कधी एवढं जमलंय?"

"नाही ना. म्हणूनच संशय येतोय."

तिने ते अकरा बोअर नकाशावर मांडले. प्रत्येक बोअर तांबं लागलेल्या एखाद्या जुन्या बोअरपासून दहा पावलांच्या आत! तांब्याशेजारी तांबं लागणारच. त्यात नवं काय सापडलं? पण जुन्या जागा त्याला कळत कशा? कोरडा बोअर मिस्त्री बुजवून टाकत. तांबं लागलेल्या बोअरात पुढच्या मोजमापासाठी लोखंडी पाइप ठेवत, त्याचं तोंड गवतात बोटभर वर राही.

दुपारी तिने कुरकुरणाऱ्या भावाला पलीकडच्या उतारावर नेलं. तिथे तांब्याचा कणही नव्हता. दोघांनी पाइपचे पाच तुकडे ठोकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मॅनेजरांसमोर, सगळ्या वसाहतीसमोर महाराजांना त्या उतारावर तांबं शोधायला सांगितलं. महाराज काठीने गवत चाचपत तिथे फिरले. काठी टणकन वाजली की लोलक गरगरे. पाचही ठिकाणी "अपार तांबं!"

भावाने एक तुकडा उपटला. जेमतेम हातभर. "हा मी काल ठोकलाय, महाराज."

"नास्तिकांमुळे भूमाता रुसली!"

"रुसली ती नेमकी पाइपावरच?" भाऊ ओरडला. महाराजांनी काढता पाय घेतला.

ओशाळलेल्या मॅनेजरांनी तिला विचारलं, "तुमच्या जागी नक्की लागेल ना?"

"चार कोरडे जातील. कदाचित सहाही," ती म्हणाली. गर्दीत कुजबुज झाली. ती लोकांकडे वळली. "घाबरलात? मलाही भीती वाटते, माझंही पोट यावरच आहे. पण माझा कोरडा बोअर नकाशावर दिसेल आणि पुढची जागा त्यावरून ठरेल. जो कधीच चुकत नाही म्हणतो, त्याच्याकडे पुरावा मागा. निदान नकाशा तरी उघडून बघा!"

भावाने मान खाली घातली. मग विचारलं, "ताई, पहिली जागा कुठली?"