शीतलची कडी

मित्रांनो, तुमच्या घराच्या दाराला बिजागरी असेलच. तशा बिजागऱ्यांचा पत्रा कापण्यात माझं सारं आयुष्य गेलं. मी साकीनाक्याच्या एका अरुंद गाळ्यातला जुना पॉवर प्रेस. माझ्या बाजूचं मोठं चाक सतत फिरत असतं. कारागिराने पायाने पॅडल दाबलं, की आतली एक खीळ त्या चाकात अडकते आणि माझं जड डोकं धाडकन खाली येतं. एकदा सुटलेलं डोकं मला अर्ध्या वाटेत थांबवता येत नाही. खाली पत्रा आहे की बोटं, हेही मला कळत नाही.

राजकोटच्या भट्टीत माझं अंग ओतलं गेलं. तिथून मला विकत आणलं जयवंतशेठने. शेठ मूळचे मालवणकडचे, वडील गिरणी कामगार. रोज सकाळी ते स्वतः मला तेल घालायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "ह्यो माझो हत्ती!" ते ऐकून मला मोठा अभिमान वाटायचा.

माझ्या शेजारी एक लहान प्रेस होता. त्यावर सपना बसायची. तिची नणंद शीतल आमच्या गाळ्याची फिटर. दोघी घाटकोपरहून एकत्र यायच्या. शीतल आयटीआय शिकलेली, आणि वाचनाची भारी हौस. वाचनालयातून ती शोधकांची चरित्रं आणायची आणि जेवणाच्या सुट्टीत सपनाला त्यातलं काही ना काही सांगायची.

"यांची मशीनं पहिल्या झटक्यात चालायची काय गं?" सपनाने एकदा विचारलं.

"कसलं, वहिनी! मोडायची, जळायची, लोक हसायचे. पुस्तकात ते दोन ओळींत उरकतात."

एके दिवशी, जेवण करून सगळे नुकतेच कामाला लागले होते. सपनाने कापलेला तुकडा काढायला हात आत घातला. पाय पॅडलवर नव्हता. तरीही शेजारच्या प्रेसचं डोकं पुन्हा खाली आलं. आमच्या भाषेत, प्रेसने डबल मारला.

तिची किंकाळी गाळ्याच्या पत्र्यावर आदळून परत आली. शेठने तिला उचलून रिक्षात घातलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालं, "लक्ष नसेल तिचं."

शीतल ताडकन उठली. "पाय पॅडलवर नव्हता, जमिनीवर होता तिचा. मी बघितलंय." तिने तो प्रेस उघडला आणि आतली स्प्रिंग शेठच्या तळहातावर ठेवली. स्प्रिंग ढिली पडली होती, म्हणून खीळ मागे आलीच नव्हती. "माणसाने लक्ष द्यायचं, बरोबर आहे. पण माणूस दमतो, शेठ. स्प्रिंगपण दमते. मग काय करायचं?"

"स्प्रिंगा बदलूया सगळ्या."

"त्यापण कधीतरी दमणार."

तो लहान प्रेस शेठने त्याच दिवशी बंद केला. आणि शीतल माझ्याकडे वळली.

पुढचे कित्येक महिने ती काम संपलं की माझ्यापुढे बसायची. तिच्या मनात दोन गोष्टी होत्या. पॅडल दाबल्यावर आधी एक हलकी कडी खाली यावी. ती थेट तळापर्यंत पोचली, तरच माझं डोकं सुटावं. वाटेत बोट आडवं आलं, तर कडी अडावी आणि मी जागचा हलू नये. दुसरी गोष्ट अवघड होती. डबल मारताना पॅडलचा संबंधच नसतो. त्यासाठी तिने एक पोलादी अडसर बसवला. डोकं वर गेलं रे गेलं, की तो बाजूने पुढे सरकायचा आणि डोक्याला खालून धरायचा. कडी तळाला टेकेपर्यंत तो मागे हटायचा नाही.

परीक्षेचा दिवस आला. शीतलने मुद्दाम तीच ढिली स्प्रिंग माझ्यात घातली. हाताच्या जागी एक वांगं ठेवलं. सगळे लांब उभे राहिले.

पहिला ठोका ठीक गेला. दुसराही. मग खीळ अडकली. माझं डोकं अडसरावर बसलं, क्षणभर थांबलं आणि अडसर कडकन वाकला. वांग्याचा चेंदामेंदा झाला.

कोणी हसलं नाही. सगळ्यांना वांग्याच्या जागी हातच दिसला होता.

"वाट लागली," शीतल पुटपुटली. तिने वाकलेला अडसर काढला आणि जाड पोलाद शोधायला निघाली.

"अगो, पण माल कसो निघतलो?" शेठ काकुळतीला आले. "आधी कडी, मग ठोका. काम हळू होणार ना!"

"होणार, शेठ. थोडं हळू होणार."

शेठने बंद पडलेल्या त्या लहान प्रेसकडे पाहिलं. "कर तू," ते म्हणाले.

त्यानंतर किती वांगी चिरडली, मी मोजली नाहीत. अखेर एक अडसर टिकला. शीतलने माझ्यात पुन्हापुन्हा ढिल्या स्प्रिंगा लावून त्याची परीक्षा घेतली. तो हटला नाही.

आणि मग सपना आली. उजवा हात ओढणीखाली झाकलेला. "मला बसू दे याच्यावर," ती म्हणाली.

"वहिनी, पॅकिंगचं काम आहे ना. तिकडे बस."

"तू बनवलंयस ना हे? मग दुसऱ्या कुणाला बसवणार? तिच्या घरी कोणी वाट बघत नाही काय?"

शीतलने तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं. सपना बसली. पहिले काही दिवस प्रत्येक तुकडा उचलण्याआधी अडसर पुढे आला की नाही, ते ती वाकून बघायची. तिच्यापेक्षा जास्त मी घाबरलो होतो.

तो दिवस आलाच. भरदुपारी, ऐन कामात, माझी नवी स्प्रिंग तुटली. मला ते आत कळलं, बाहेर कोणालाच नाही. डोकं वर पोचलं होतं. खीळ मागे सरली नाही. सपनाचा डावा हात माझ्याखाली होता, तुकडा उचलत होता. चाकाने मला खाली ओढलं. मला ओरडायचं होतं, पण मला तोंड कुठलं?

डोकं अडसरावर आदळलं. मोटर गुरगुरली. पट्टा चाकावरून घसरायला लागला, जळक्या रबराचा वास सुटला. अडसर कण्हला. पण वाकला नाही.

"हात काढ!" शीतल ओरडली आणि धावत जाऊन तिने मेन स्विच पाडला.

चाक हळूहळू थांबलं. सपनाने हात बाहेर घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग तिने शीतलला मिठी मारली आणि दोघी लादीवरच बसून रडल्या. शेठ माझ्या अंगाला टेकून उभे होते.

ती बातमी गल्लीभर गेली. आधी शेजारच्या गाळ्यांनी कडी बसवून घेतली, मग मुलुंडच्या, मग वसईच्या. तिला सगळे 'शीतलची कडी' म्हणू लागले. शीतलला सन्मान मिळाले, वर्तमानपत्रात फोटो आला. पुढे शेठने गाळा बंद केला आणि मला एका प्रशिक्षण संस्थेला दिलं. आता मुलं माझ्यावर काम शिकतात. समोरच्या भिंतीवर मोठ्या शोधकांच्या तसबिरी आहेत. त्यांत शीतलचीही आहे.

मागच्या महिन्यात संस्थेने तिचा सत्कार ठेवला. मुलांनी तिचं चरित्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. जन्म, शिक्षण, शोध, पुरस्कार, एकही चूक नाही. ती ऐकता ऐकता माझ्याकडे पाहत होती. कारण पॅडल थेट खिळीला जोडून माझी कडी वर तारेने बांधलेली होती आणि अडसर मागे ओढून अडकवलेला होता. काम भराभर व्हावं म्हणून कोणीतरी ते केलं होतं. कित्येक आठवडे मुलांचे हात तसेच माझ्याखाली जात होते आणि मी जीव मुठीत धरून होतो.

हार घालायला आलेल्या मुलीला ती म्हणाली, "थांब जरा. पक्कड आहे का गं?"

मित्रांनो, शोधकांच्या तसबिरी जरूर लावा. त्यांच्या गोष्टी आवडीने वाचा. पण त्यांनी जे तुमच्या जिवासाठी केलं, ते घाईपायी बांधून ठेवू नका. त्या दिवशी शीतलने हार टेबलावरच ठेवला, माझ्यापुढे गुडघे टेकले आणि पक्कड घेऊन ती तार कापली.