कुलूपबंद गोगलगाई

एखाद्या माणसाने आयुष्याची एकतीस वर्षं गोगलगाई मोजण्यात घालवावीत, आणि मग त्या सगळ्या मोजमापांना कुलूप घालून किल्ली उशाखाली घेऊन झोपावं, याला काय म्हणायचं? सूनबाईच्या मते याला सासरे म्हणायचं.

सूनबाई नोकरी करायची तीही नेमकी अशाच ठिकाणी. संशोधकांनी गोळा केलेला डेटा वर्षानुवर्षं जपणारा एक संग्रह होता, तिथे. कुणी नदीचं पाणी मोजलेलं, कुणी तान्ह्या बाळांची झोप. फायली यायच्या त्या कुठल्याशा जुनाट प्रोग्रॅममधल्या, आणि तो बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. सूनबाई त्या साध्या, कुठेही उघडतील अशा रूपात आणायची, वेगवेगळ्या गावांत त्यांच्या प्रती ठेवायची, एकही आकडा इकडचा तिकडे झालेला नाही ना, हे यंत्राकडून पुन्हा पुन्हा तपासून घ्यायची. आणि एवढं सगळं करून ज्याला हवं त्याला फुकट द्यायची. द्यायचं नसेल तर जपायचं तरी कशाला?

सासरे, म्हणजे बाबा, कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. कॉलेजच्या मागच्या बागेतली एकेक गोगलगाय त्यांना ओळखीची. ओळख पटावी म्हणून ते शंखावर नंबर घालायचे, तेही सासूबाईंच्या नेलपॉलिशने. "लग्न झाल्यापासून माझ्या नखांना रंग म्हणून लागला नाही, या बया मात्र नटून हिंडायच्या," असं सासूबाई आल्यागेल्याला हमखास सांगायच्या.

डेटा बाबांनी संग्रहाला दिला होता, नाही असं नाही. पण 'माझा लेख पूर्ण होईपर्यंत कुणाला दाखवू नये' या अटीवर. तशी सोय असते. दरवर्षी संग्रहाकडून विचारणा जायची आणि दरवर्षी बाबा कळवायचे, आणखी एक वर्ष. लेख पहिल्या पानावरच होता, आणि त्या पानावरही नुसतं नाव.

यंदाची विचारणा पाठवताना सूनबाईचं डोकंच फिरलं. घरी आल्या आल्या तिने सरळ विचारलं, "बाबा, कुणी चोरेल अशी भीती वाटते का तुम्हाला?"

"चोरलं तर मी नाचेन गं!" बाबा म्हणाले आणि उगाचच चष्मा पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "पण उघडलं आणि कुणी आलंच नाही, तर? एकतीस वर्षं, सूनबाई. आता बंद आहे, तोवर निदान असं तरी म्हणता येतं, की लोक वाट बघताहेत."

त्या दिवसापासून ती त्यांच्या मागे हात धुऊन लागली आणि शेवटी म्हातारा तयार झाला.

सोबत माहितीपत्रक भरायचं होतं, म्हणजे कुठल्या रकान्यात काय आहे त्याचा खुलासा. सगळं सुरळीत झालं. लांबीच्या रकान्यात, मिलिमीटरच्या आकड्यांमध्ये, सूनबाई अडली. "बाबा, हे ९९९ काय ते लिहा ना."

"शेंबड्या पोरालाही कळेल!"

दुसरं कुणी असतं तर तिने लिहून घेतल्याशिवाय सोडलं नसतं. पण इतक्या मिनतवाऱ्यांनी हो म्हणालेला माणूस बिथरला तर काय घ्या, म्हणून तिने तो खुलासा तसाच कोरा सोडला.

कुलूप निघालं. फायली कितीदा उतरवून घेतल्या गेल्या ते संग्रहाच्या वेबसाइटवरच्या पानावर दिसायचं, कुठून घेतल्या तेही नकाशावर ठिपक्याने कळायचं. बाबा सकाळी दात घासायच्या आधी ते पान उघडायचे. शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. आठवडे गेले तरी शून्यच.

आणि एका सकाळी आकडा हलला. एक! रात्रीपर्यंत चार! बाबांना आकाश ठेंगणं झालं. शेजारच्यांना बोलावून त्यांनी तो चारचा आकडा दाखवला, आणि मग जेवताना नकाशा उघडला. चारही ठिपके एकमेकांच्या डोक्यावर बसलेले, ते याच गावात.

बाबांनी मान वर केली. मुलगा ताटात बघायला लागला. "मी ऑफिसातून एकदा आणि घरून एकदा," तो पुटपुटला.

"मीही दोनदाच दाबलं हो," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा फोनवर काही दिसेचना."

सूनबाईने कपाळावर हात मारला. हसू येत होतं, पण बाबांचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

"बंद करून टाक ते सगळं," बाबा म्हणाले.

"आता नाही काढता येत, बाबा. त्याला कायमचा नंबर मिळालाय. आपण कुणी नसू तेव्हाही ते तिथेच असेल."

"म्हणजे कायमचं शून्य," बाबा म्हणाले, आणि अर्ध्या ताटावरून उठले.

पुढे कित्येक दिवस त्यांनी ते पान उघडलं नाही. मग एका दुपारी संग्रहाच्या पत्त्यावर एक मेल आली. सूनबाईने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि हसू दाबत घरी फोन लावला.

"बाबा, परदेशातली एक विद्यार्थिनी आहे. उन्हाळे कडक होताहेत तसे शंख लहान होताहेत का, ते शोधतेय. ती विचारतेय, की तुमच्याकडच्या गोगलगाई दर उन्हाळ्यात जवळजवळ मीटरभर लांब कशा होतात?"

"मीटरभर?" बाबा कडाडले. "डोकं ठिकाणावर आहे का त्या पोरीचं? उन्हाळ्यात त्या मातीत दडून बसतात! ९९९ म्हणजे सापडली नाही!"

"हे कुठे लिहिलंय, बाबा?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"सूनबाई," मग त्यांनी विचारलं, "दर उन्हाळ्यात म्हणाली ती? म्हणजे तिने सगळे उन्हाळे बघितले?"

"सगळे. एकतीसच्या एकतीस. बाविसाव्या वर्षाच्या नोंदींत तुम्ही दोन ओळी उलटसुलट लिहिल्यात, तेही तिने पकडलंय."

"पकडलं?" बाबा हसायलाच लागले. "अरे वा! पकडलं!"

सूनबाई घरी आली तेव्हा बाबा टेबलाशी बसून माहितीपत्रक नव्याने लिहीत होते. सासूबाई खांद्यावरून वाकून बघत होत्या. "नेलपॉलिश कुणाचं होतं तेही लिहा की," त्या म्हणाल्या, आणि बाबांनी खरंच लिहिलं.

"बाबा, आकडा बघितलात का? पाच झालाय."

"हो का?" बाबांनी मान वर केली नाही. "बघायचं राहूनच गेलं बघ. ती पोरगी उत्तराची वाट बघत असेल."