अकरा दिवसांचा खंड

हॅलोताईंच्या निवृत्तीला पाच महिने उरले, तेव्हा एका रविवारी सकाळी टेलरमास्तरांनी कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि कटिंगच्या टेबलावरच पुढच्या आयुष्याचा हिशेब मांडला. घरभाडं, वीज, किराणा, ताईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मास्तरांच्या चष्म्याचे दरवर्षीचे नखरे. मास्तर म्हणजे ताईंचे यजमान. चौकातल्या एका गाळ्यात चाळीस वर्षं मशीन चालवलेला माणूस. स्वतःच मालक, स्वतःच नोकर, मग पेन्शन देणार कोण?

"माझी पेन्शन म्हणजे तू," ते म्हणायचे.

"मग जरा पेन्शनचा मान ठेवत जा," ताई म्हणायच्या.

हॅलोताई हे अर्थात खरं नाव नव्हे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर म्हणून लागल्या तेव्हा गल्लीनं ते चिकटवलं. पुढे यंत्रं आली, हातानं फोन जोडायचा बोर्ड गेला, ताई बिलांच्या विभागात जाऊन बसल्या, तरी नाव काही सुटलं नाही.

"तीस वर्षं भरतात ना तुझी?" मास्तरांनी विचारलं.

"एकतीस भरतात."

"मग पूर्ण पेन्शन. डोळे झाकून!" असं म्हणून मास्तरांनी हिशेबाखाली खडूनं एक जाड रेघ ओढली.

पण डोळे झाकून काही होत नसतं. आठवड्याभरानं पेन्शन विभागातल्या कारकुनानं ताईंना बोलावून घेतलं. मुलगा तसा गुणी होता, आधी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मगच सेवापुस्तक उघडलं.

"ताई, इथे सत्तावीसच वर्षं दिसतायत. तुमची पहिली चार वर्षं रोजंदारीची. एक्स्चेंज हलवलं तेव्हा त्या वेळचे हजेरीपट गहाळ झालेत."

"म्हणजे ती वर्षं गेली?"

"तसं नाही. तेव्हाच्या दोन कायम कर्मचाऱ्यांनी लिहून दिलं, तर धरता येतात. फक्त सलग हवीत. मध्ये खंड असेल तर खंडाच्या आधीची सेवा मोजत नाहीत."

खंड हा शब्द ऐकला आणि ताईंनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. कारण खंड होता. चांगला अकरा दिवसांचा होता, आणि तो कुणी पाडला तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या काळी बोर्डावर बावीस जणी एका ओळीत बसायच्या. उंच स्टूल, कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत आणि हातात वायर लावलेल्या पिना. दिवा लागला की पिन खुपसायची, "हॅलो, नंबर सांगा," म्हणायचं. हिवाळ्यात बोर्डाच्या मागच्या बाजूला ऊब असायची, तिथे मुली आपले ओले मोजे वाळत घालायच्या. पाठीमागून मोठ्या बाई फिरत. त्या पर्यवेक्षक होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज होत नसे, त्यामुळे त्या आहेत की नाहीत हे मानेवरच्या शिरशिरीवरूनच ओळखायचं.

ताईंच्या नोकरीला दोन वर्षं झाली असतील. एका दुपारी दूरच्या बंदरावरून एका क्रेनवाल्याचा ट्रंक कॉल आला. त्याला गावातल्या इस्पितळातल्या बायकोशी बोलायचं होतं. ऑपरेशन झालं होतं तिचं. पैसे तीन मिनिटांचे भरले होते. पलीकडची नर्स म्हणाली, आणते तिला, पण हळूहळू चालतेय. तीन मिनिटं तर तिच्या चालण्यातच संपली. क्रेनवाला बंदरावरून गयावया करत होता, "बाई, तोडू नका, ती येतेय, पावलं ऐकू येतायत." ताईंनी तोडला नाही. नवरा-बायको बोलत राहिले, आणि ताई कान दुसरीकडे वळवून बसून राहिल्या. बावीस मिनिटं झाली. त्यातल्या एकोणीस मिनिटांचं तिकीट, म्हणजे बिलाची चिठ्ठी, त्यांनी फाडलंच नाही.

मानेवर शिरशिरी आली तेव्हा उशीर झाला होता.

"तिकीट कुठे आहे?" मोठ्या बाईंनी विचारलं होतं. एवढंच. संध्याकाळी ताईंना सांगण्यात आलं, अकरा दिवस येऊ नका.

त्या अकरा दिवसांचा ताईंना पुढे पस्तावा झाला नाही, उलट तो कॉल गल्लीत सगळ्यांना पाठ होता. मोठ्या बाईंशी मात्र कामापुरतंच बोलणं राहिलं, आणि बाई निवृत्त झाल्यावर तेही संपलं. निरोप समारंभाला ताई मुद्दाम गेल्या नव्हत्या.

पहिली सही सहज मिळाली. त्या वेळचा ताडमाड उंच लाइनमन, ज्याला सगळे शिडीची गरज नाही म्हणून चिडवायचे, तो आता नातवंडांच्या सायकली दुरुस्त करत अंगणात बसला होता. "खंड? मला काय माहीत? मी खांबावर असायचो," म्हणत त्यानं सही ठोकली आणि वर ताईंना त्या काळची गाणी म्हणून दाखवली, तीही बेसूर.

दुसरी सही देऊ शकेल असं माणूस एकच उरलं होतं. बाकीच्या कायम ऑपरेटर कुणी देवाघरी, कुणी लेकाकडे परदेशी.

"जायलाच हवं का?" ताई म्हणाल्या.

"नाही गेलीस तर सत्तावीसवर बसावं लागेल," मास्तर म्हणाले. "आणि हे बघ, बाईंनी खंड लिहिलाच नाही, तर कुणाला कळणार आहे? विचारून तर बघ."

वाटेत जुनं एक्स्चेंज लागलं. आता तिथे गाद्यांचं दुकान होतं. बोर्ड होता त्या भिंतीला टेकवून पलंग मांडले होते. ताईंनी काचेतून मोजून पाहिलं, आपलं स्टूल कुठे असेल ते. सातवं. तिथे एक लहान मूल गादीवर उड्या मारत होतं आणि आई त्याला ओढत होती. मास्तर थांबून राहिले.

मोठ्या बाई भाचीकडे राहत होत्या, दुसऱ्या मजल्यावर. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, हेडफोनचाच कान. ताईंना पाहिल्याबरोबर म्हणाल्या, "सातव्या नंबरची. बस."

ताईंनी फॉर्म पुढे केला, नियम सांगितला. बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं, दोनदा.

"तेव्हा मला वाटलं, अकरा दिवसांचा पगार कापला की पोरगी शिकेल. हे असं तीस वर्षांनी वसूल होईल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं."

"नियमच होता, बाई."

"होताच. आणि आज तोच प्रसंग आला तर मी पुन्हा तेच करीन, उगाच गोड बोलणार नाही." त्यांनी पेन उघडलं. "पण त्या क्रेनवाल्याचं पुढे मी बघितलं. इस्पितळात फोन लावून विचारलं होतं मी. ती बाई बरी होऊन घरी गेली. तुला सांगायला पाहिजे होतं. राहून गेलं."

इतक्या वर्षांत त्यांना हे कधी कळलंच नव्हतं. गोष्ट त्या सांगायच्या ती बावीस मिनिटांपाशीच संपायची.

"मी 'सलग चार वर्षं' लिहिते," बाई म्हणाल्या. "या वयात माझं कोण काय वाकडं करणार आहे?"

मास्तरांनी ताईंकडे आशेनं पाहिलं. ताईंनी पेनवर हात ठेवला.

"नको, बाई. आयुष्यभर रजिस्टरात खोटी ओळ लिहिली नाहीत तुम्ही. आणि ते अकरा दिवस माझेच आहेत. ते नव्हतेच असं लिहिलं, तर तो फोनही झाला नाही असं होईल. खंड लिहा."

बाईंनी लिहिलं. तारखेसकट लिहिलं, कारण तारीख त्यांना पाठ होती. मग भाचीला हाक मारून म्हणाल्या, "चहा टाक. आणि चांगले कप काढ."

त्या दिवशी दोघी तीन तास बोलल्या. कोण कुठे गेली, कुणाचं लग्न कुणाच्या ट्रंक कॉलवर जुळलं, कोण स्टूलवर बसल्या बसल्या झोपायची. मास्तर बिचारे कोपऱ्यात बसून दोन डुलक्या काढून उठले. निघताना बाई ताईंना म्हणाल्या, "एक ऐक माझं. सगळी पेन्शन विकून एकरकमी पैसे घेऊ नकोस. मी घेतले. चार लोक गोड बोलत आले आणि वर्षभरात वाटेला लावले. दरमहा येतं तेच आपलं."

शेवटी खंडानंतरची दोन वर्षं मिळून एकोणतीस वर्षं धरली गेली. पूर्ण पेन्शनमधून तिसावा हिस्सा कमी झाला. मास्तरांनी लगेच हिशेब केला, "महिन्याला दोन पँटी जास्त शिवल्या की भरून निघतं. माझे डोळे तेवढे शाबूत आहेत."

पण फॉर्मच्या शेवटच्या पानावर आणखी एक प्रश्न होता. ताईंच्या पश्चात जोडीदाराला निम्मी पेन्शन हवी का? हवी असेल तर आत्ताची रक्कम थोडी कमी होणार होती.

"नको लिहू," मास्तर म्हणाले. "मी सहा वर्षांनी मोठा. आधी मीच जाणार."

"वरून पत्र आलंय का तसं?"

"अगं, आपलेच पैसे कमी कशाला करायचे?"

"अहो, चाळीस वर्षं तुम्ही गावाला कपडे शिवलेत. तुमच्या म्हातारपणाला अस्तर कुणी लावायचं?" असं म्हणून ताईंनी 'हवी' वर खूण केली. मास्तर उठून मशीनपाशी गेले आणि ज्यात दोरा होता त्याच सुईत दोरा ओवायला लागले.

त्या फॉर्मला दोघांचा एकत्र फोटो लागत होता. लग्नानंतर दोघांनी असा फोटो काढलाच नव्हता. फोटोग्राफरच्या दुकानात मास्तरांनी स्वतः शिवलेला कोट घातला, ताईंनी केस दोनदा विंचरले. बाकावर दोघं हातभर अंतर ठेवून बसले, शाळेच्या फोटोत बसावं तसे.

"जरा जवळ सरका," फोटोग्राफर म्हणाला. "पेन्शनचा फोटो आहे ना? दोन्ही चेहरे एका चौकटीत मावले पाहिजेत."

मास्तर सरकले. ताईही सरकल्या.