दूध डेअरीच्या बंबाची फिर्याद

मी एक जुना बंब आहे. न्हाणीघरातला तांब्याचा नव्हे. विजेवर चालणारा, पोलादी, माणसापेक्षा उंच. वडगाव रासाईच्या जवळच, भीमेकाठच्या एका गावात, दूध डेअरीच्या मागे मी सध्या आडवा पडलो आहे. येणारेजाणारे मला भंगार म्हणतात. ते मी ऐकून घेतो. पण मित्रांनो, एक गोष्ट मला आजही सहन होत नाही. तीच तुम्हाला सांगायची आहे.

भोसरीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिरांनी पत्रा वाकवला, सांधे जोडले, पोटात कॉइल बसवल्या. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून अंगावर जाड आवरण चढवलं आणि छातीवर एक काटा लावला. पोटातलं पाणी किती तापलं आहे, ते हा काटा दाखवतो.

१९९७ साली मी टेम्पोतून या गावात आलो. डेअरीचे चेअरमन हौसराव आप्पा यांनी माझ्यापुढे नारळ फोडला. माझं काम एकच होतं. दुधाचे रिकामे कॅन धुवायला कडकडीत पाणी द्यायचं. कोमट पाण्यानं कॅनच्या आतला चिकट थर निघत नाही आणि त्या थरामुळे नवं दूध नासतं.

मला बसवायला कंपनीचा माणूस आला होता. गरम पाण्याला लोखंडी पाइप हवा आणि त्यावर उष्णता टिकवणारी गुंडाळी हवी, पंप लहान हवा, बोअरचं पाणी क्षाराचं आहे म्हणून ते आधी मऊ करायला हवं, असं त्यानं नीट समजावलं. आप्पा हसले. इथं प्रत्येक घरात पाइपलाइन टाकणारा कुणीतरी आहेच.

"सायेब, आमी नदीचं पानी माळावर चढवलंय," ते म्हणाले. "चार नळ्या जोडायला आमाला शिकवू नगा."

मग आप्पांचा पुतण्या इंद्रजीत शेतात उरलेला प्लास्टिकचा पाइप घेऊन आला. उसाला पाणी देणारा मोठा पंपही आणला. नदीच्या गार पाण्याला तो पाइप उत्तम होता. माझं पाणी त्यातून गेलं, तेव्हा तो मेणासारखा मऊ पडून मधोमध लोंबला. इंद्रजीतनं पाइप बदलला का? नाही. पाइप वाचावा म्हणून माझं पाणी बाहेर पडतं तिथंच त्यानं गार पाण्याची नळी जोडली. मोठ्या पंपाचं गार पाणी एवढ्या जोरानं यायचं, की माझं गरम पाणी पोटातच अडून राहायचं. माझा काटा वर चढलेला आणि पलीकडे कॅन धुण्याच्या नळाला कोमट पाणी, असा कारभार सुरू झाला. त्यात क्षारांचा पांढरा थर माझ्या कॉइलवर महिन्यागणिक वाढतच होता.

त्या नळाखाली सोजरबाई बसत. सासऱ्याच्या काळापर्यंत त्यांच्या घरची माणसं मेंढरं घेऊन फिरायची. आता थोडी शेती होती, दोन गाई होत्या. दूध त्या याच डेअरीला घालत आणि कॅनही धूत. सोड्यानं त्यांची बोटं चिरली होती. पाणी तापत नाही, हे त्यांनी इंद्रजीतला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"मामी, कॅन धुवायचेत का आंघुळ करायचीय?" असं म्हणून तो निघून गेला होता.

उन्हाळा लागला आणि शीतकरण केंद्रावरून आमच्या गावचं दूध परत येऊ लागलं. पहाटे उठून काढलेलं दूध गटारात ओतताना सभासद चिडायचे. बाई कॅन धुते की नुसती भिजवते, असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना हवं होतं ते कारण सापडलं. आप्पा सगळ्यांना माझ्यापुढे घेऊन आले. माझ्या काट्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं,

"ह्यो काटा खोटं बोलतोय व्हय, सोजरबाय?"

"काटा तिकडं हाय, आप्पा. मी हिकडं धुती. हिकडं येऊन हात घालून बगा."

नळ हाकेच्या अंतरापेक्षाही जवळ होता. आप्पा गेले नाहीत. दुसरंही कुणी गेलं नाही. त्याच दिवशी सोजरबाईंचं काम सुटलं. बाईचे हात घाण आहेत, असं कारण दिलं गेलं. गावात ते पसरायला वेळ लागला नाही. त्यांच्या घरी ताक न्यायला येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या.

मित्रांनो, माझा काटा खरं तेच सांगत होता. त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. खऱ्या साक्षीदाराला पुढे करून एका निर्दोष बाईवर ठपका ठेवला गेला, आणि मला तोंड नव्हतं.

त्यांच्या जागी तुळजाबाई आल्या. दूध परत येतच राहिलं. शेवटी केंद्राचा तपासनीस आला. त्यानं काट्याकडे पाहिलंच नाही. सरळ नळाखाली हात धरला आणि तो तसाच ठेवून तो आप्पांकडे बघत राहिला. पुढच्या पंधरवड्यात लोखंडी पाइप आला, त्याला गुंडाळी झाली, छोटा पंप बसला, पाणी मऊ करणारी टाकी आली. माझं पोट उघडून घमेली भरून क्षार काढले. त्यानंतर दूध परत आलं नाही.

वार्षिक सभा डेअरीच्या अंगणात झाली. कामगार बदलल्यापासून स्वच्छता सुधारली, असं आप्पांनी भाषणात सांगितलं. टाळ्या पडल्या. सोजरबाई सभासद म्हणून मागे बसल्या होत्या. त्या उठल्या.

"मला काम नगं," त्या म्हणाल्या. "माजं हात घाण नव्हतं, एवढं चारचौघांत बोला."

पाइप बदलताना जे हजर होते, ते सगळे तिथं बसले होते. कुणी टोपी सारखी केली, कुणी चपलेतला खडा काढला. आप्पा थोडं पाणी प्यायले.

"फुडला विषय घ्या," ते म्हणाले.

त्यानंतर मी बरीच वर्षं चांगलं काम केलं. पाहुणे आले की माझं कौतुक व्हायचं. पुढे नवा बंब आला आणि मला मागे ढकललं. त्याची तक्रार नाही, वस्तू झिजते. यंत्र नीट बसवा, त्याला चांगलं पाणी द्या, त्याच्या पोटातला क्षार वेळेवर काढा, हे मी सांगायला हवं, म्हणून सांगतो. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. पाइप बदलता येतो, तो बदललाही. ज्या माणसावर खोटा ठपका ठेवला, त्याच्याबद्दलचा शब्द मात्र कुणी बदलत नाही.

हौसराव आप्पा आता नाहीत. त्या सभेला बसलेले पुष्कळ जण आहेत. सोजरबाईही आहेत. रोज सकाळी दूध घालायला येतात, रांगेत उभ्या राहतात. त्यांचे हात घाण नव्हते, एवढं एक वाक्य त्यांच्यासमोर अजूनही बोलता येईल.