दुसरा डोळा

"हा नाय द्यायचा, दादा. गावात गणपती पुष्कळ हायत, दुसरीकडचा घ्या," असं म्हणून पुतळी कोपऱ्यातल्या मूर्तीसमोर आडवी उभी राहिली.

कासू गावच्या काळुरामने बगलेतला पाट तसाच धरून ठेवला. त्याच्या घरचा गणपती वर्षानुवर्षं हमरापूरच्या याच शेडमधून जायचा आणि त्याचे डोळे पुतळीचा नवरा सखा आखायचा. यंदा मूर्तीला एकच डोळा होता. दुसरा आखायच्या आत सखा गेला.

शेड ऐन वळणावर. एकदा भाजीचा टेंपो कूड मोडून आत आला, एकदा मुंबईची मोटार रंगाच्या डब्यांवर चढली. सखा असा वल्ली, की दोन्ही वेळा त्याने आधी ड्रायव्हरला चहा पाजला, मग खांब सरळ केले आणि आपली बैठक पुन्हा रस्त्याकडेलाच मांडली. आत बसा म्हणून पुतळी कानीकपाळी ओरडायची. तो ऐकेल तर शपथ.

"आत उजेड नाय गो. देवाला काय काळोखात डोळे द्यायचे?"

आषाढात भर दुपारी डंपर घुसला, तेव्हा चहा पाजायला सखा उरला नाही. मूर्तींचाही चुराडा झाला. त्याच्या पुढ्यातली ही एवढी वाकलेल्या पत्र्याखाली वाचली. तेव्हापासून पुतळीने तिला कोणाला हात लावू दिला नव्हता. त्या एका डोळ्यात तिला नवरा दिसायचा. तोही दिला तर तिच्याजवळ काय राहणार होतं?

काळुरामने हट्ट धरला नाही. ठेव, तुझ्या हक्काचीच आहे, म्हणाला आणि जायला वळला. पण त्याला राहवेना.

"वयनी, रागावू नको. पन सखानं कधी देव अर्धा ठेवला व्हता काय?"

पुतळी मूर्तीकडे वळली. जन्मभर तिने रंग कालवून दिले होते, ब्रश धुतले होते. डोळ्यांना मात्र कधी हात लावला नव्हता. तिने मूर्ती उचलली. आत खरंच उजेड नव्हता. रस्त्याकडेच्या ज्या जागेला ती दोन महिने शिव्याशाप देत होती, तिथेच तिला बसावं लागलं. ट्रक गेला की जमीन हादरायची. ती हात उचलून थांबायची, पुन्हा ब्रश टेकवायची. एवढ्या भीतीत हा माणूस इतकी वर्षं कसा बसला असेल, या विचाराने तिला भडभडून आलं. पण रडली असती तर रेघ चुकली असती.

डोळा झाला. सखाच्या डोळ्यापेक्षा जरा दमलेला.

"वाकडा झाला ना?"

"नाय. बेस हाय," काळुराम सरळ खोटं बोलला.

त्याने मूर्ती पाटावर घेऊन तिच्या तोंडावर नवं कापड ओढलं. त्याच्याकडे दीड दिवसाचा गणपती. परवा संध्याकाळी सखाच्या हातचं शेवटचं काम पाण्यात विरघळणार होतं. ते दोघांनाही ठाऊक होतं.

पुतळी त्याने आणलेल्या रिक्षापर्यंत गेली. तिने कापडाचं टोक उचललं, आपण आखलेल्या डोळ्यापुढे तळहात आडवा धरला आणि सखाच्या डोळ्याकडे बघत राहिली. मग तिने कापड सारखं केलं आणि रिक्षावाल्याकडे वळली.

"सावकाश ने रं. वळणाव लोकांची घरं हायत."