अझुकीचे बाबा

आमच्या ह्यांना, म्हणजे कियोहारूंना, कुत्री आवडत नाहीत. असं ते स्वतःच सांगतात, दिवसातून दोनदा तरी, आणि सांगताना अझुकीची मान खाजवत असतात.

अझुकी खरी आमच्या लेकीची, चिनात्सुची. दोन वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी कॅनडाला गेली आणि हे तपकिरी, गुबगुबीत ध्यान ओदावाराला आमच्या गळ्यात टाकून गेली. आता ती परत आली होती. कुत्रं चालेल असं घर तिने तोक्योत शोधून भाड्याने घेतलं होतं. मग ठरलं असं, की सगळ्यांनी मिळून दोन दिवस इझूच्या किनाऱ्यावर राहायचं आणि तिथूनच तिने अझुकीला घेऊन जायचं.

"सुटलो एकदाचा," हे म्हणाले आणि सामान भरायला बसले. आमच्या दोघांची मिळून एक बॅग झाली, अझुकीच्या दोन.

त्या किनाऱ्यावरच्या गावात स्टेशनबाहेर बाबागाड्यांची ही रांग असते आणि एकीतही बाळ नसतं, सगळ्यांत कुत्री बसलेली. लॉजच्या ओनुकीबाई दारात गुडघे टेकून आधी कुत्र्याचे पाय पुसतात, मग माणसांना सपाता देतात. वहीत नाव लिहायचं तेही कुत्र्याचं. माणसं नुसती अमक्याची आई आणि तमक्याचे बाबा.

"या, अझुकीचे बाबा," ओनुकीबाई म्हणाल्या.

"मी बाबा वगैरे नाही. मी सामान उचलायला आलोय."

संध्याकाळपर्यंत अख्खा किनारा ह्यांना अझुकीचे बाबा म्हणायला लागला होता. पोस्टात पस्तीस वर्षं काढली, पण शेजाऱ्याशी हवापाण्यापलीकडे कधी बोलले नाहीत. इथे मात्र कुठल्या पूडलचे गुडघे दुखतात आणि कुठला डॅक्सहुंड गाजर खात नाही, सगळं ह्यांना पाठ. जेवताना अझुकीपुढे तिचं वेगळं ताट आलं, उकडलेली कोंबडी आणि रताळं. ह्यांनी त्यावर फुंकर मारून मारून ते निववलं. तोवर ह्यांचं स्वतःचं सूप गार झालं. मग ती ह्यांच्या पायावर डोकं टेकून झोपली. पायाला मुंग्या आल्या तरी गडी हलला नाही.

"बाबांचे हाल आहेत गं," चिनात्सु माझ्या कानात म्हणाली. "बरं झालं मी आले."

मी तिच्याकडे बघतच राहिले. पण तिची तरी काय चूक? दोन वर्षं दर रविवारी फोनवर हिने उशी फाडली, हिने पहाटे उठवलं, हेच ह्यांचं रडगाणं.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणी काही देऊ केलं, की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा विचारलं, की संकोचत घ्यायचं. लग्नाचंही ह्यांनी मला तीनदा विचारलं होतं, "तुमची काही अडचण नसेल तर" असं म्हणून. दुसऱ्यांदा विचारून थांबले असते, तर मी आज दुसऱ्याच कुणाच्या घरी चहा करत असते.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही वाळूत उभे होतो. अझुकीचा पट्टा ह्यांच्या हातात होता.

"बाबा, खरं सांगा," चिनात्सु म्हणाली, "तुम्हाला हिला ठेवून घ्यायचंय का?"

"छे छे. तुझी कुत्री आहे."

"नक्की? मी घर घेतलंय म्हणून नाही म्हणू नका."

"नको गं. या वयात कशाला ती कटकट?"

"बरं," ती म्हणाली आणि ह्यांच्या हातातून पट्टा घेऊन चालू लागली.

हे थांबले. मीही थांबले. पण पोरगी वळली नाही. जिथे नको म्हणजे नकोच असतं, अशा देशातून ती आली होती. तिसऱ्यांदा विचारायचं ती साफ विसरली होती.

"बोला की आता," मी म्हटलं.

"विचारेल ती," हे पुटपुटले.

"नाही विचारणार."

ह्यांचा चेहरा पडला. मला दया आली आणि रागही आला. दोन वर्षं खोटं बोलायला तोंड होतं, खरं बोलायला नाही.

तिकडे अझुकीने वाळूत बसकण मारली होती. ओढलं तरी हलेना. चिनात्सुने शेवटी तिला उचलून घेतलं. ते बघितलं मात्र आणि आमचे हे पळत सुटले, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, एक चप्पल वाळूत सोडून. मी मागोमाग.

"चिनात्सु," हे धापा टाकत म्हणाले, "अजून एकदा विचार."

"काय विचारू?"

"मघाचंच. अजून एकदा विचार ना."

ती क्षणभर बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. शेवटी वाढली आमच्याच घरात.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "अझुकीला ठेवून घेता का?"

अडुसष्ट वर्षांची सवय. ह्यांच्या ओठांवर पुन्हा 'नको' येताना मला दिसलं. मी ह्यांच्या अनवाणी पायावर पाय दिला.

"ठेवतो," हे म्हणाले. "मला हवीय ती."

चिनात्सुने अझुकीला ह्यांच्या हातात दिलं आणि डोळे पुसले. "मी कामावर गेल्यावर नऊ तास एकटी राहिली असती हो ती. तुम्हाला त्रास होतो म्हणून नेत होते."

हे अझुकीच्या मानेत तोंड खुपसून उभे राहिले.

मी मागे जाऊन ह्यांची चप्पल आणली. लग्नाला चाळीस वर्षं झाली. मला तीनदा विचारलं खरं, पण 'हवीय' असं एकदाही म्हणाले नव्हते. अझुकीचं नशीब थोर.